खाजकुयलीची शेंग

शर्वाणीला खाज म्हणजे काय, ते ठाऊकच नव्हतं. तान्हेपणी तिचा इसब चिघळला, तेव्हा पेशींवरचे खाज टिपणारे रिसेप्टर औषधाने बंद केले होते. परवा पाठीत गोचीड रुतून ताप चढला, तरी तिला गोचिडीचा पत्ता लागला नाही. म्हणून आज डॉ. तांबोळींनी मनगटापुरते रिसेप्टर पुन्हा सुरू केले आणि खाजकुयलीच्या शेंगेवरची कुसळं तिथे टेकवली.

"कुसळांतलं एन्झाइम रिसेप्टरचं टोक कापतं," ते म्हणाले. "मग आत दडलेली किल्ली त्याच रिसेप्टरच्या कुलपात बसते. एक कुलूप एकदाच उघडतं. पेशीला पुन्हा नवं घडवावं लागतं."

"म्हणजे किल्ली माझीच?"

"तुझीच. कुसळं फक्त वेष्टन फाडतात."

एवढ्यात शर्वाणी दचकली. "आई, काहीतरी होतंय गं! दुखत नाहीये, पण स्वस्थ बसवत नाहीये!"

तिचा दुसरा हात मनगटाकडे धावला. आईने तो झटकन पकडला. लेकीच्या तान्हेपणी, तिने खाजवू नये म्हणून, ती हे हात मोज्यांत बांधून ठेवायची. मग हळूहळू तिची पकड सैल झाली.

"खाजव," ती म्हणाली.

लेकीला हा शब्द ती पहिल्यांदाच म्हणत होती.