मागची माणसं

महानंदा दुकानात आली तेव्हा वकार शिकवणीच्या पोरांचे पासपोर्ट फोटो कापत होता. त्यानं तिला लगेच ओळखलं. मे महिन्यात तिच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. लग्न होऊन ती मुरुडला नांदायला गेली, म्हणून वाचली. सप्टेंबरच्या भूकंपात तिचं माहेर सगळं गेलं. आई, वडील, दोघं भाऊ.

"घरातले फोटो बी मातीखाली गेले," ती म्हणाली. "तुमच्याकडं मूळ कॅसेट हाय म्हणं. मला आई बघायची हाय."

कॅसेट वकारनं जपून ठेवली होती. गिऱ्हाइकांना तो तीच दाखवायचा. हातात साधा हँडीकॅम, पण बघणाऱ्याला पिक्चरच वाटलं पाहिजे, हे त्याचं वेड. एकेका पाहुण्यावरून कॅमेरा फिरवायची रीत त्यानं त्या लग्नात मोडली होती. मांडवाच्या पार टोकाला उभं राहून झूम पूर्ण ओढला होता. तसं केलं की नवरीचा चेहरा तेवढा लख्ख येतो, मागचं सगळं पुसट होतं.

टीव्हीवर महानंदा उमटली. झुकलेल्या पापण्यांचा केस न केस दिसत होता. तिच्या मागं रंगांचे गोळे हलत होते.

"ही आई!" ती पुढं सरकली. "हिरवं लुगडं." तेवढ्यात डावीकडून दुसरा हिरवा गोळा आला. "का ही? काकूचं बी हिरवंच होतं... भाऊ, जरा साफ करा की."

वकारनं टीव्हीची बटणं फिरवली. उजेड वाढवला, रंग कमी केला. गोळे फिके झाले. चेहरे आले नाहीत.

"होत न्हाई, ताई. कॅमेऱ्यात आलंच न्हाई ते."

"माझं तोंड तर एवढं दिसायलंय. ते बाजूला करा. मला काय करायचंय माझं तोंड बघून?"

त्यानं कॅसेट पुढं पळवली. हळद, अक्षता, पाठवणी. सगळीकडं तीच.

"मी तर दिवसभर मान खाली घालूनच होते," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं आसंल तिला. कशी दिसत होती?"

वकारचा डोळा दिवसभर कॅमेऱ्याला चिकटलेला होता. जेवायला चला म्हणून एक बाई दोनदा सांगून गेली होती. त्यानं मान न वळवताच "आलो, आलो" म्हटलं होतं.

"हसत होत्या," तो म्हणाला.

महानंदानं पदरानं टीव्हीची काच पुसली आणि आणखी जवळ जाऊन बघू लागली.