राखलेला घाव

युद्धात उद्ध्वस्त झालेली परदेशातली जुनी चर्चं पुन्हा उभी करण्यात आर्किटेक्ट प्रेरणाची बावीस वर्षं गेली. सगळं ती सांधायची, पण प्रत्येक चर्चमध्ये तोफगोळ्याचा एक घाव मुद्दाम तसाच राखायची.

यंदा पोळ्याला ती नेरला माहेरी आली. त्याच सकाळी घराच्या मागच्या भिंतीला भोक पडलेलं दिसलं. वीतभर, कडा जळलेल्या. शेवटच्या चर्चमध्ये तिनं राखलेला घाव तिला रेघ न् रेघ पाठ होता. हा तोच होता.

"बाबा, याले हात नका लावू."

पण ती चहा घेईस्तोवर भगवानरावांनी, कडबाकुट्टीत दोन बोटं गेलेल्या आपल्या उजव्या हातानं, ते शेणामातीनं लिंपून टाकलं.

"सणाच्या दिवशी भिताडाले भोक ठेवतेत काय वं?" हात धूत ते म्हणाले. "पण टोपलंभर माती खाल्ली त्यानं. भरता भरेना."

तेवढ्यात त्या शेवटच्या चर्चच्या राखणदारानं मोबाइलवर फोटो पाठवला. साठ फूट उंचावरचा तो घाव कुणीतरी बुजवला होता.

फोटोतली माती अजून ओली होती. तिच्यावर तीन बोटांचा पंजा उमटला होता.