रविवारची हाक

प्रभूवर विश्वास ठेवल्यापासून श्यामलालनं रविवारी तलावात डोंगा घातला नव्हता. सोबतचे मासेमार त्याची गंमत करायचे. तलावाकाठच्या घरात प्रार्थना सुरू झाली, की त्यांच्यातला मुन्ना तलावातून मुद्दाम ओरडायचा, "डोंगा आन ना, भाऊ!" बाकीचे हसायचे. श्यामलाल मात्र मोहात पडायचा नाही. डोळे आणखी घट्ट मिटून तो प्रार्थनेचं गाणं मोठ्यानं म्हणायचा.

त्या रविवारी मुन्ना एकटाच तलावात होता. हाक आली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ येत राहिली. श्यामलालनं गाणं आणखी चढवलं.

संध्याकाळी मुन्ना बुडालेला सापडला, स्वतःच्याच जाळ्यात गुरफटलेला.

आता दर रविवारी श्यामलाल रिकामा डोंगा घेऊन तलावाच्या मधोमध बसतो. जाळं टाकत नाही, नुसता पाण्याकडे कान लावून असतो. आज प्रार्थना आटोपून लाखांदूरचे पास्टर तलावाच्या पाळीवर, बांधावर आले आणि तिथूनच ओरडले,

"श्यामलालभाऊ, प्रभूचा दिवस सोडून इथं काहून बसता?"

 

"त्या दिवशी इथून प्रभूच हाका मारून राहिला होता, पास्टरजी. अन् मी घरात डोळे मिटून त्यालेच शोधून राहिलो होतो."