भातावरची निळी टोपी

तानीने बुजगावण्याला लेकाचा लष्करी शर्ट चढवला, वर त्याची निळी टोपी बसवली आणि मागे सरून बघितलं.

"आता येऊ दे डुकराला! माझा नविनच उभा आहे असं वाटेल मेल्याला."

"डुक्कर काय घेऊन बसलीस काकी, फॉरेस्टवालापण पळेल," बांधावर बसलेला शेजारचा चंदर हसला.

नविन कालच आफ्रिकेतून घरी आला होता. तिकडे दोन टोळ्यांची कापाकापी चालू होती, युनोच्या निळ्या टोप्या घालून मध्ये उभं राहायला आपले जवान गेले होते. वर्षभर उधव्याच्या बाजारात भेटेल त्याला तानी एकच म्हणायची, परक्यांच्या भांडणात माझा पोरगा कशाला? शेवटी आपल्या जवानांची तिथली चौकी उठवली. काल तो रिक्षातून उतरला तेव्हा तिने अख्ख्या पाड्याला चहा पाजला होता.

आता तो किटली घेऊन शेतात आला. बुजगावणं बघितलं आणि जागीच थांबला.

"काढ ते."

"अरे, जुना शर्ट आहे. बॅगेत पडून काय करणार?"

"आये, काढ म्हणतो ना!"

आईवर तो कधी ओरडला नव्हता. चंदरने सांभाळून घ्यायला म्हटलं, "बरं झालं बाबा, तुम्हाला परत बोलावलं. त्यांचं ते बघून घेतील. आपलं काय जातंय?"

"मीपण तेच म्हणत होतो," नविन खाली बसला. "हुकूम आला तेव्हा नाचायचाच बाकी होतो. चौकीला लागून गाव होतं. भीती वाटली की तिथल्या बाया पोरं घेऊन आमच्या तारेच्या आत येऊन झोपायच्या. आम्ही पहाटे निघालो. गावाला सांगायचं नाही, असा हुकूम होता. मला कसंतरी झालं. म्हटलं, मारायला येणारे तरी फसतील. म्हणून पहाऱ्याच्या मचाणावर बांबूला माझा एक शर्ट बांधला, वर जादाची टोपी ठेवली. आपण भातात करतो तसं. मोठा शहाणा ना मी!"

"मग? आले ते?" चंदरने विचारलं.

"आले. ते नाही फसले. बाया फसल्या. रानात पळायचं सोडून टोपी बघून चौकीकडे धावल्या. तिथेच राहिलेल्या आमच्या दुभाष्याने नंतर फोनवर सांगितलं. फाटक उघडा, फाटक उघडा म्हणून टोपीला हाका मारत होत्या."

चंदर मान खाली घालून ढेकळं फोडत राहिला.

"तुला काय माहीत होतं रे," तानी कशीबशी म्हणाली.

"लाज वाटते गं आये. काल सगळे गळ्यात पडत होते, तर तोंड कुठे लपवू असं झालं."

तानीला कालचा चहा आठवला. किती हौसेने पाजला होता. ती उठली. टोपी काढली, शर्टाची बटणं सोडली आणि दोन्ही पदराखाली धरून उभी राहिली.

"मग भाताची राखण?" तिने हळूच विचारलं.

"मी बसतो शेतातल्या माळ्यावर."

"आणि रजा संपल्यावर?"

नविनने बुजगावण्याचा बांबू दोन्ही हातांनी हलवून उपटला आणि बांधाबाहेर टाकला.

"कोणी नसेल, तर कोणी नाही असंच दिसू दे."