सोडलेली पकड

जयपूरच्या छावणीत फौजेच्या कुस्ती संघासाठी निवड चालू होती. सांगलीकडचा सर्जेराव संग्रामच्या पकडीत पुरता अडकला होता. आणखी एक हिसका बसला की तो चितपट होणार होता. तेवढ्यात संग्रामनं पकड सोडली आणि पंचांना हात केला. “दादा, तुझ्या पापणीखाली फोडांचा झुपका उठलाय की.” सर्जेराव वैतागला. “घामोळं असंल. कालपासून आग होतीय, अंगात कसर हाय. पण कुस्ती का सोडलीस?” संग्राम म्हणाला, “माझ्या भावाला असंच झालं होतं. त्यानं अंगावर काढलं आणि डोळ्यात फूल पडून नजर गेली.” मग तो सर्जेरावला हाताला धरून लष्करी दवाखान्यात घेऊन गेला. डोळा तपासून डॉक्टर म्हणाले, “हा हर्पीस. तापात ओठावर फोड येतात ना, त्याच विषाणूचा. कुस्तीत अंगाला अंग घासून पसरतो. बुबुळ अजून स्वच्छ आहे, वेळेवर आलात. गोळ्या आजच सुरू करा. आणि सध्या दोघांनीही मॅटवर उतरायचं नाही. यालाही लागण झाली असेल.” संघ दोघांना मागे ठेवून स्पर्धेला गेला. फोड सुकले, डोळा सुखरूप राहिला. रविवारी सर्जेरावनं आईला फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, “सुट्टीला येताना त्या पोराला संगं आण. मला त्याची दृष्ट काढायची हाय.”