चारपैकी चार

हसनाम्हातारीचं मयत पडद्याआड फळीवर ठेवलं होतं. पाणी कोमट झालं होतं, बोरीचा पाला वाटून तयार होता, आणि नशमिया बाह्या वर सारून नुसतीच उभी होती.

"खाला, आता कशाची वाट बघतेस?" पडद्याबाहेरून म्हातारीचा थोरला मुलगा कहतान म्हणाला. "ऊन चढलं. नजफचं कबरस्तान गाठायचंय आम्हाला. बाबांशेजारी जागा आहे तिची."

"आई कशानं गेली, ते सांग."

"साखरेनं."

गेल्या अकरा दिवसांत नशमियानं गावातल्या सहा बायकांना शेवटची आंघोळ घातली होती. कुणी साखरेनं गेली, कुणी दम्यानं, एक तर म्हणे कलिंगड बाधून. एरवी महिन्यात दोन मयतं झाली तरी गाव म्हणायचं, वर्ष वाईट आहे. आणि हे अकराही दिवस घरी जाऊन तिनं नव्या नातवाला मांडीवर घेतलं होतं. आज कापूर कुटताना तिला वासच आला नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिनंच मग निरोप धाडून दवाखान्यातल्या सुंदुसला बोलावून घेतलं.

सुंदुस तपासणीची पेटी घेऊन दारात आली, तशी अंगणातली माणसं उठून उभी राहिली. गावचा कारभार बघणारा मुख्तार पुढे झाला.

"पोरी, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. अख्ख्या गावात चार रोगी. पलीकडच्या गावात शंभर सापडले. आपल्याकडे सगळं आटोक्यात आहे."

"चार सापडले, कारण चौघांनीच नाक पुढे केलं, हाजी. चारपैकी चार! पलीकडच्यांनी दोन हजार तपासले. कुठली दारं बंद ठेवायची, ते त्यांना कळलं. आपली सगळी दारं सताड उघडी आहेत."

"माझ्या आईला हात लावलास तर बघ," कहतान आडवा झाला. म्हातारीच्या नाकात काडी घातली आणि रोग निघाला, तर सरकारी माणसं तिला पिशवीत बांधून नेणार. ना आंघोळ, ना बाबांशेजारची जागा. वाळवंटातलं वेगळं कबरस्तान. म्हणून तर घरोघरी साखर आणि दमा माजला होता.

नशमियानं पडदा सारला. बाहेर येऊन ती पालथ्या घंगाळावर बसली.

"तिला राहू दे, सुंदुस. माझ्या नाकात घाल."

"खाला, भलतंच काय!" कहतान ओरडला.

"सहा घरांत मी पाणी ओतलंय. त्या घरांत काय होतं ते माझ्यातच निघेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाळा."

काडी खोल गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पट्टीवर थेंब पडले आणि पंधरा मिनिटं सगळे त्या पट्टीकडे बघत राहिले. मेलेल्यांना नशमिया कधी भ्याली नव्हती. आज ती घरच्या पाळण्याला भ्याली. एकच रेघ असू दे, एकच, एवढं ती मनात म्हणत राहिली.

"दोन," सुंदुस म्हणाली.

जवळची माणसं मागे सरली. सुंदुसनं वही उघडली. "कुठे कुठे गेली होतीस, खाला?"

"शनिवारी खय्यूनच्या घरी. फातिहाचं, दुखवट्याचं जेवण झालं, एका परातीत आम्ही अकरा जणी. रविवारी न्हाव्याच्या घरी. त्याच्या बायकोनं रडताना माझ्या गळ्यात तोंड खुपसलं होतं. सोमवारी..." ती मुख्तारकडे वळली. "सोमवारी तुमच्या बहिणीकडे, हाजी. चहा तुम्हाला मीच दिला होता."

मुख्तारचा हात आपोआप गळ्याकडे गेला. दोन दिवस तो खाकरत होता. अंगणातल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

"माझं बघ आधी," तो म्हणाला.

मग बांधच फुटला. माझं बघ, माझ्या बायकोचं बघ, मी पण जेवलो होतो तिथे. कालपर्यंत पेटी पाहून पळणारी माणसं सुंदुसच्या अंगावर येऊ लागली. कहतानही त्यांच्यातच होता. पडद्याआड पाणी गार होत होतं.

"थांबा! दूर राहा!" सुंदुस कळवळून ओरडली. तिनं पेटीत पाहिलं. अंगणात तर पन्नासेक माणसं. "नऊच पट्ट्या उरल्यात."

"आठ," नशमिया म्हणाली. "एक घेऊन आधी माझ्या घरी जा. बारा दिवसांचं नाक आहे गं, हळू घाल."