कठडे

"'हात सोडून बसलात तरी बदक शर्यत पुरी करतं.'" सरांनी परीक्षणातलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "आणि हा त्यातल्या त्यात प्रेमाने लिहिणारा."

कुणी हसलं नाही. सगळे तिच्याकडे बघायचं टाळत होते. कंपनीचा नवा व्हिडिओ खेळ बाजारात आला आणि तोंडावर आपटला होता. बदक, पाणघोडा, शेळी अशा कार्टून प्राण्यांची छोट्या उघड्या गाड्यांतून शर्यत. चित्रांचं कौतुक झालं, गाण्यांचंही. शिव्या पडत होत्या त्या रस्त्यांना. आणि रस्ते तिने आखले होते. डोंगरातल्या प्रत्येक वळणावर तिने कठडा घातला होता, रबरासारखा मऊ. गाडी कितीही वेगात आदळो, अलगद रस्त्यावर परतायची. दरीत पडायची सोयच नव्हती. एरवी बैठकीत हूं की चूं न करणारी ही बाई या एका गोष्टीवर हट्टाला पेटली होती, आणि कुणी तिच्या आडवं गेलं नव्हतं. का, ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षणं तिनेही वाचली होती. दुसऱ्याच कुणाचा रक्ताचा रिपोर्ट वाचावा, तशी. 'गुळमुळीत.' 'पाळण्यातल्या बाळांसाठी.' एकही शब्द टोचला नाही. नवरा गेल्यापासून तिला काही टोचलंच नव्हतं.

"ताई," सर म्हणाले, "कठडे काढावे लागतील. तुमच्यावर नको ते. मी दुसऱ्या कुणाला तरी..."

"नको. मीच काढते. कुठे कुठे आहेत, मलाच माहितेय."

तिने ते काढले. एका वळणावर जायचं, कठडा पुसायचा, पुढच्या वळणावर जायचं. मेथी निवडावी तसं काम. बघता बघता सगळे कडे उघडे पडले. पडणाऱ्या गाडीसाठी चित्रकार मुलीने एक गुबगुबीत ढग काढून दिला. तो दरीतून वर यायचा आणि गाडीला पाठीवर घेऊन रस्त्यावर आणून सोडायचा.

"चालेल ना, ताई?" मुलीने भीत भीत विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. खरंच छान होता.

बदललेला खेळ लोकांनी डोक्यावर घेतला. नाकं मुरडणाऱ्यांनीच आता लिहिलं, पडण्यातच खरी गंमत आहे. ऑफिसात केक कापला गेला. तिने आपला तुकडा खाल्ला, हात धुतले आणि पुन्हा कामाला बसली.

घरी मात्र तिने खेळाचा विषय काढला नाही. टिल्लीसाठी. टिल्ली तिची लेक, नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची गाडी घाटात दरीत गेली, तेव्हा टिल्ली मागच्या सीटवर होती. तो गेला. टिल्ली वरच्या उतारावर सापडली, नुसता हात मोडलेली. पोर झोपेतच बाहेर फेकली गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग सासूबाई म्हणाल्या. मग सगळेच म्हणू लागले. तेव्हापासून घाट, वळण, दरी हे शब्दच घरातून गेले. बाबांचा फोटोही सासूबाईंच्या खोलीत, कपाटाच्या आत होता.

रविवारी ती बाजारातून परतली, तर दारातच तिला खेळाची धून ऐकू आली. सकाळी टिल्लीची आत्या येऊन गेली होती. वहिनीचा गाजलेला खेळ म्हणून तीच कौतुकाने भाचीला लावून देऊन गेली होती.

टिल्ली टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. पडद्यावर बदकाची गाडी वळणाकडे निघाली होती. वळण आलं तशी टिल्लीने गाडी आणखी जोरात सोडली. बदक खाली गेलं. ढग त्याला घेऊन आला. टिल्लीने गाडी फिरवली आणि पुन्हा त्याच कड्यावरून खाली घातली. ती हसत नव्हती.

"टिल्ली, बंद कर ते."

"थांब ना. बघतेय मी."

"काय बघतेस?"

"हे चुकीचं आहे, आई." टिल्लीची नजर पडद्यावरच होती. "हे एकदम पडतं. आपली गाडी एकदम नव्हती पडली. आधी झाडाला अडकली होती. बाबा बोलत होते."

बदक रस्त्याच्या मधोमध थांबलं होतं. बाकीच्या गाड्या त्याला वळसा घालून पुढे गेल्या.

"तू... जागी होतीस?"

"हो." वर्गात हजेरी द्यावी तसं ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"कुणी विचारलंच नाही."

पिशवीचे बंद बोटांत खोल रुतले होते. बोटं दुखताहेत, हे तिला आत्ता कळलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि ती लेकीला लागून जमिनीवर बसली.

"काय म्हणाले बाबा?"

"दार उघड म्हणाले, आणि उडी मार. मी म्हटलं, तुम्ही?" टिल्लीने पहिल्यांदाच मान वळवून आईकडे पाहिलं. "म्हणाले, 'तू हो पुढे. मी आलोच.'"